देणगीचे घड्याळ, कमाईचे घड्याळ

मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनगटावर गेल्या शतकात जे घड्याळ आले, ते बहुधा त्याने स्वतः विकत घेतलेले नसे; ते त्याला कोणीतरी दिलेले असे, आणि देणाऱ्याच्या मनात त्यामागे काही हेतू, काही हिशेब, निदान काही अपेक्षा असे. मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे वडील घेऊन देत. लग्न ठरले म्हणजे सासरे देत. आणि तीस-पस्तीस वर्षांची चाकरी संपवून माणूस कचेरीच्या पायऱ्या अखेरच्या उतरे त्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर सहकारी मंडळी एक भिंतीवरचे घड्याळ देत. आयुष्याच्या तीन टप्प्यांवर तीन घड्याळे, आणि तिन्ही दुसऱ्याच्या हातून, असा तो शिरस्ता होता. अलीकडे पन्नाशी किंवा साठी गाठलेली माणसे स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःच्या कमाईतून, रोज वापरता येईल असे एक मजबूत घड्याळ विकत घेऊ लागली आहेत. ही गोष्ट कोणाला किरकोळ हौस वाटेल, परंतु वेळ सांगणारे यंत्र आपल्या मुलखात कोणाच्या ताब्यात होते आणि ते सामान्य माणसाच्या मनगटापर्यंत कोणत्या वाटेने आले याचा मागोवा घेतला, म्हणजे या हौशीमागे एक मोठा पालट उभा आहे असे माझे मत झाले आहे.

फार मागे जाण्याचे कारण नाही. लग्नाच्या मांडवात पाण्याच्या भांड्यात सोडलेले तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र २४ मिनिटांत बुडे आणि जोशीबुवा घटका मोजत, तेव्हा वेळ ही मुहूर्तापुरती पाहण्याची वस्तू होती. रोजच्या व्यवहाराला सूर्य पुरत असे. इंग्रजी अंमलात ती स्थिती बदलली. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि विद्यापीठाच्या आवारातून तासांचे टोले शहरभर जाऊ लागले. आगगाडीच्या वेळापत्रकाने गावोगावच्या लोकांना मिनिटांची ओळख करून दिली. आणि गिरणीच्या भोंग्याने ती ओळख हजेरीपटात कायमची नोंदवून टाकली. या सर्व काळात सामान्य माणसाला वेळ ऐकू येई, पण ती त्याच्या हाती नसे. सरकार, रेल्वे आणि मालक हे तिचे खरे धनी होते.

१९०६ सालच्या जानेवारीत हे धनीपण किती प्रखर आहे ते मुंबईने पाहिले. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सरकारने हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ अमलात आणली. ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे. म्हणजे नव्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या गिरणीत कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी दारात उभे राहणे प्राप्त झाले. त्याच महिन्यात हजारो गिरणीकामगारांनी गिरण्यांच्या दारांशी याविरुद्ध निदर्शने केली. शहराच्या नगरपालिकेनेही आपली जुनी वेळ सहजी सोडली नाही, आणि ‘मुंबई वेळ’ या नावाने ती १९५५ पर्यंत तग धरून राहिली. ज्या कामगारांची झोप या ३९ मिनिटांनी हिरावली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी स्वतःचे घड्याळ नसावे ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोचणारी वाटते. ज्या यंत्राचा हुकूम पाळावयाचा, ते यंत्र पाहून त्या हुकमाची खातरजमा करण्याचे साधनसुद्धा त्यांच्याजवळ नव्हते.

घड्याळ जवळ बाळगणारा वर्ग वेगळा होता. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याने १८६५ मध्येच मुंबईशी व्यापाराचे नाते जोडले होते, आणि साँ-इमिए येथील आल्सिद द्रोझ यांच्या पेढीने १८८६ मध्ये ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ या नावाने मुंबईत बस्तान बसविले. वकील, डॉक्टर, मामलेदार, संस्थानातले कारभारी यांच्या कोटाच्या खिशात साखळीला बांधलेले घड्याळ असे आणि ते बाहेर काढून झाकण उघडण्याच्या कृतीत अधिकाराची एक खूण असे. मनगटावर घड्याळ बांधणे हा त्या काळी युरोपातही बायकांच्या दागिन्याचा प्रकार समजला जाई. पुरुषाने तसे करणे प्रतिष्ठेला साजेसे नव्हते.

ही समजूत पहिल्या महायुद्धाने मोडली. बोअर युद्धातच काही शिपायांनी खिशातले घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधण्याची युक्ती काढली होती, परंतु १९१४ नंतरच्या खंदकांत ती युक्ती न राहता गरज झाली, कारण तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटाला पुढे सरकत असे, त्याच्या पाठोपाठ पायदळाने निघावयाचे असे, आणि एका हाती बंदूक, दुसऱ्या हाती नकाशा अशा स्थितीत कोटाची बटणे सोडून झाकण उघडण्यास सवड नसे. मिनिटाची चूक म्हणजे आपल्याच तोफांखाली मरण. म्हणून घड्याळाला तारेचे कान जोडले गेले, काचेवर जाळी बसली, काट्यांना आणि आकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा लेप लागला. मजबूत घड्याळ म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, त्याचे मूळ रूप ते हेच.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली, तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या, उपासमार सोसली, आणि शरणागतीनंतर उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या डोंगरी गावांतून भरती झालेल्या या तरुणांनी मनगटावर बांधलेले यंत्र प्रथम पाहिले असेल ते अशा ठिकाणी, आपल्या अधिकाऱ्याच्या हातावर. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील हिंदी फौजेत वेस्ट एंडची घड्याळे चांगली रुळली होती, आणि त्या कंपनीचे ‘सोवार’ हे नाव पुढे हिंदुस्थानपासून अरबस्तानापर्यंतच्या बाजारांत विश्वासाचे झाले. लढाईहून परतलेल्या एखाद्या सुभेदाराच्या घरी असे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेले दिसते. ते दागिना म्हणून कोणी जपले नाही, बरोबरीने लढाई पाहिलेला सोबती म्हणून जपले.

युद्धानंतर मनगटी घड्याळ प्रतिष्ठित झाले. हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पोलोच्या खेळात काचा फुटत म्हणून तबकडी उलटी फिरवून पोलादी पाठ वर आणता येईल असे ‘रिव्हर्सो’ १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघाले, तेही आपल्याच भूमीवरच्या गरजेतून. पण ते साहेबाचे घड्याळ. कारकुनाच्या, शिक्षकाच्या, पोस्टमास्तराच्या मनगटावर ते कधी येणार नव्हते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अधिक बिकट झाला. परकीय चलनाची टंचाई वाढली तशी घड्याळांची आयात आवळली गेली, आणि जी वस्तू परवान्याने दुर्मिळ होते ती चोरवाटेने येते या न्यायाने अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर स्विस घड्याळांची तस्करी बोकाळली. जकात चुकवून आलेले घड्याळ लपवून आणावे, लपवून विकावे आणि मनगटावर मात्र उघड मिरवावे, हा त्या काळच्या शहरी जीवनातला एक दुःखद भाग होता. या परिस्थितीत बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने, जो १९५३ मध्ये लेथसारखी यंत्रे बनविण्यासाठी स्थापन झाला होता, जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ मध्ये मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांचा कारखाना घड्याळाकडे वळावा यात तर्क होता, कारण मिलिमीटरच्या शतांशाची अचूकता ज्या हातांना साधते त्यांनाच घड्याळाचे दाते कापता येतात. आणि ज्या देशाला स्वतःची घड्याळे घडविता येतात, त्याला इतर सूक्ष्म यंत्रेही घडविता येतील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. मी ती श्रद्धा भाबडी मानत नाही. ‘एचएमटी’ ही तीन अक्षरे मराठी घरांत घड्याळ या शब्दाला जवळजवळ पर्याय होऊन बसली, याचे कारण जाहिरात नव्हे. ती घड्याळे चालत होती हे होय.

त्यांतले ‘जनता’ हे मला सर्वांत आदरणीय वाटते. ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, ‘सोना’, आणि लग्नसराईत ज्याच्यासाठी लोक ओळखी काढीत ते सोनेरी, आपोआप चावी बसणारे ‘कांचन’ अशी भावंडे त्याला होती. पण ‘जनता’ साधेच राहिले. पांढरी किंवा काळी तबकडी, तिच्यावर काही वेळा नाव देवनागरीत, सुमारे पस्तीस मिलिमीटरचा धातूचा गोल, खाली लहानसा सेकंदकाटा किंवा मध्यातून फिरणारा मोठा, आणि कडेला रोज सकाळी फिरविण्याची चावी. एकदा पुरी चावी दिली की दीड दिवस त्याला काही मागणे नसे.

काही वर्षांपूर्वी जुन्या पेठेतील एका वृद्ध घड्याळजीने माझ्यासमोर असे एक ‘जनता’ उघडले. पाठीचे झाकण पात्याने अलगद उचलले गेले, आणि डोळ्याला भिंग लावून पाहताच सतरा लालसर खडे चाकांच्या आसांखाली दिसले. हे कृत्रिम माणकाचे खडे शोभेसाठी नसतात. पोलादी आस पितळेवर घासून झिजू नये म्हणून त्याला खड्याची बैठक देतात. चिमट्याच्या टोकाने त्यांनी दोलनचक्राकडे बोट दाखविले. ते चक्र तासाला १८,००० वेळा हेलकावते, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाकाठी ४ लाख ३२ हजार वेळा. आणि त्याच्या आसाची टोके केसाएवढी बारीक असल्यामुळे पूर्वीच्या घड्याळात ती जमिनीवर पडताच मोडत. ‘जनता’त त्या टोकांखालचा खडा एका इवल्या स्प्रिंगवर बसविलेला आहे. धक्का बसला म्हणजे खडा किंचित हटतो, आस मजबूत भागावर टेकतो आणि क्षणात सारे पूर्ववत जागेवर येते. तबकडीवर जे ‘पॅरा शॉक’ लिहिलेले असते ते या योजनेचे नाव, जी सिटिझनने जपानात १९५६ मध्ये सिद्ध केली होती. ‘साहेब, याच्यात न मिळणारा भाग नाही, आणि मिळाला नाही तर करता येतो,’ असे घड्याळजी म्हणाले. मजबूतपणाची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकांत सापडलेली नाही.

आता ज्या गोष्टीला हात घालताना मन जड होते तिच्याकडे वळतो. ज्या १९६१ साली बंगळुरास हे घड्याळ बनू लागले, त्याच साली मे महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत हुंडाप्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १ जुलैपासून अमलात आला. या कायद्याच्या मूळ मसुद्यात एक स्पष्टीकरण जोडलेले होते, ते असे की लग्नप्रसंगी रोख, दागिने, कपडे वा इतर वस्तूंच्या रूपाने दिलेल्या भेटी, त्या विवाहाचा मोबदला म्हणून दिल्या नसतील तर, हुंडा समजल्या जाणार नाहीत. या फटीतून सायकल गेली, अंगठी गेली, ट्रान्झिस्टर गेला, आणि घड्याळही गेले. देण्याघेण्याच्या बैठकीत घड्याळाचा उच्चार ‘जावयाला हौसेने’ या शब्दांत होई, परंतु त्या हौसेसाठी मुलीच्या बापाने पतपेढीत अर्ज केलेला असे. देशाने स्वावलंबनाचे चिन्ह म्हणून जे यंत्र घडविले, ते पुष्कळ घरांत परावलंबनाच्या देवघेवीत वापरले गेले. आणि ज्या मनगटावर ते बांधले गेले त्या तरुणाला त्यात काही लाजिरवाणे आहे असे सहसा वाटले नाही. मूळ कायद्यातले ते स्पष्टीकरण १९८४ च्या दुरुस्तीत काढून टाकण्यात आले. शिरस्ता तेवढ्याने गेला नाही, हे कोणाही मराठी वाचकाला सांगावयास नको.

स्वतःच्या पैशाने घड्याळ घेण्याची चाल आपल्याकडे प्रथम रुजविली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी. त्यांना घड्याळ देण्याचा रिवाज कोणी पाळत नसे. लग्नात मुलीला मंगळसूत्र मिळे, घड्याळ जावयाला. शाळेची घंटा, रुग्णालयातली पाळी, टेलिफोन खात्यातली बदलती वेळ, लोकलगाडीचे सात-बेचाळीस, ही सगळी बंधने मात्र शिक्षिकेला, परिचारिकेला, टेलिफोन ऑपरेटरला आणि कारकून स्त्रीला पुरुषाइतकीच होती. म्हणून पगार साठवून त्यांनी बारीक तबकडीची, काळ्या पट्ट्याची घड्याळे घेतली, आणि कित्येकींनी ती सेवानिवृत्तीपर्यंत चालविली. या स्त्रियांचे नाव घड्याळाच्या कोणत्याही इतिहासात लिहिलेले नाही. पण घड्याळ ही देणगी न राहता कमाई झाली ती त्यांच्यापासून, असे मी आग्रहाने म्हणेन.

पुढचा वृत्तांत सर्वपरिचित आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्यात कमान नाही, चावी नाही, विजेने कंप पावणारा स्फटिक वेळ राखतो, आणि महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे चूक होत नाही. आपल्याकडे टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये टायटनची स्थापना केली, झर्झिस देसाई यांनी क्वार्ट्झवर सारा भर दिला, आणि होसूरच्या कारखान्यातून निघालेल्या देखण्या घड्याळांनी काही वर्षांतच दुकानांच्या काचा व्यापल्या. बंगळूरच्या कारखान्याने बदलाची हाक उशिरा ऐकली. तोटा वाढत गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीच्या घड्याळकंपन्या बंद करण्यास मंजुरी दिली.

मजबूतपणाची एक निराळी वाट टायटनच्या स्थापनेच्या सुमारास जपानात निघाली, आणि तिचे मूळही एका देणगीत आहे. कासिओ कंपनीतील अभियंते किकुओ इबे यांचे वडिलांनी भेट दिलेले घड्याळ खाली पडून फुटले, आणि पडले तरी न फुटणारे घड्याळ बनवावे असा ध्यास त्यांनी घेतला. दहा मीटरवरून पडण्याचा धक्का, दहा बार पाण्याचा दाब आणि दहा वर्षांची बॅटरी ही तीन उद्दिष्टे त्यांनी समोर ठेवली. नमुन्यामागून नमुना ते कंपनीच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील खिडकीतून खाली टाकीत आणि फुटलेला उचलून आणीत. अखेरीस यंत्र कवचाच्या आत काही मोजक्या बिंदूंवरच टेकलेले, जवळजवळ तरंगते ठेवावे ही कल्पना सुचली, आणि एप्रिल १९८३ मध्ये ‘जी-शॉक’ बाजारात आले. वडिलांच्या देणगीचे ऋण फेडण्याचा याहून सुंदर मार्ग मला ठाऊक नाही.

मग साठीला स्वतःसाठी कोणते घ्यावे? आपल्या परंपरेत या वयाला षष्ट्यब्दिपूर्तीची शांत आहे, ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांत दान आहे, भोजन आहे, मुलासुनांनी करावयाचे औक्षण आहे, परंतु स्वतःला काही देण्याचा विधी नाही. तो नसावा हेही समजण्यासारखे आहे, कारण त्या वयापर्यंत माणसाने आपल्यासाठी पुरेसे घेतलेले असते असे शास्त्रकारांनी गृहीत धरले. कारकुनीत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या बाबतीत ते गृहीत बरोबर नसते. त्याने मुलांच्या फिया भरल्या, बहिणींची लग्ने केली, घराचे हप्ते फेडले. त्याची वेळ आयुष्यभर हजेरीपटाची होती. साठीनंतर प्रथमच ती त्याची स्वतःची होते, आणि ती मोजण्याचे साधन त्याने स्वतः निवडावे यात मला पूर्ण औचित्य दिसते.

ज्यांच्या हातून कष्टाची, पाण्याची, बागेतल्या मातीची कामे रोज होतात, ज्यांना दररोज चावी देणे जमणार नाही, त्यांनी जी-शॉकसारखे घ्यावे; त्याची काळजी करावी लागत नाही. इतरांना माझा सल्ला चावीच्या साध्या घड्याळाचा आहे. सोन्याचा मुलामा, चंद्रकला, लहान-लहान तबकड्यांचा पसारा यांच्या मोहात पडू नये. आकडे चष्म्याशिवाय वाचता यावेत, काच बदलून मिळावी, पट्टा कोणत्याही दुकानात मिळावा, आणि पाठ उघडून दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावात असावा, एवढ्या चार गोष्टी पाहाव्यात. जुने ‘जनता’ घेणार असाल तर तबकडी निरखून घ्या, कारण बाजारात नव्याने रंगविलेल्या तबकड्या आणि तीन घड्याळांच्या भागांतून जुळविलेले एक घड्याळ पुष्कळ मिळते. अक्षरे फिकी असली तरी चालतील, ती मूळची असावीत. आणि घरच्या कपाटात वडिलांचे किंवा आईचे असे घड्याळ वर्षानुवर्षे पडून असेल, तर ते हाती घेताच चावी देऊ नका. आतले तेल वाळलेले असते, कोरड्या आसांवर चाके फिरली की झीज होते. आधी ते घड्याळजीकडे न्या, उघडून स्वच्छ करून घ्या, ताजे तेल द्या, आणि मग रोज वापरा.